त्यात पाहण्यासारखे काय आहे?

परदेशवारी करून आलेल्या मराठी माणसाला आपण दोन प्रश्न हमखास विचारतो. एक, ‘खाण्यापिण्याचे हाल नाही ना झाले?’ आणि दुसरा, ‘काय काय पाहिलंत?’ पहिल्याचे उत्तर रसभरित मिळते. दुसऱ्याला मात्र शाळेतल्या पाढ्यासारखी यादी ऐकावी लागते. पुतळा पाहिला, धबधबा पाहिला, उंच इमारतीच्या गच्चीवर जाऊन आलो. यादीबाहेरच्या एखाद्या जागेचे नाव आपण काढलेच, तर पाहुणा हातातला चकलीचा तुकडा हलवीत म्हणतो, ‘छे हो! त्यात पाहण्यासारखं काय आहे?’

माझे भांडण या वाक्याशी आहे. ऐन दिवाळीत, फराळाचे ताट पुढे असताना, भांडण उकरून काढू नये एवढे मला कळते. पण हे वाक्य दिसते तितके भोळे नाही. प्रवाशाच्या तोंडी ते आले तर एखादी जागा पाहायची राहते. अधिकाऱ्याच्या तोंडी आले की ती जागाच राहत नाही. ‘त्यात पाहण्यासारखे काय आहे?’ आणि ‘ते ठेवून उपयोग काय?’ ही सख्खी भावंडे आहेत. पहिले वाक्य हजारोंच्या तोंडून निघून गेल्यावाचून दुसरे उच्चारण्याचे धैर्य कुणाला होत नाही. हे म्हणणे मी एकाच जागेच्या आधाराने मांडणार आहे. ती जागा म्हणजे न्यूयॉर्कची बॅटरी.

नाव ऐकून विजेरीतली बॅटरी डोळ्यांपुढे आणू नका. बॅटरी म्हणजे तोफांची रांग. मॅनहॅटन हे लांबट बेट. त्याच्या अगदी दक्षिण टोकाला, जिथे एका अंगाने हडसन आणि दुसऱ्या अंगाने ईस्ट रिव्हर येऊन उपसागराला मिळतात, तिथे जुन्या काळी शहराच्या रक्षणासाठी तोफा मांडलेल्या असत. तोफा गेल्या, नाव राहिले. आज तिथे सुमारे २५ एकरांची बाग आहे. पाठीशी सराफी पेढ्यांच्या आणि कचेऱ्यांच्या गगनाला भिडलेल्या इमारती, पुढे खारा वारा, आणि समोर पाण्यात तो जगप्रसिद्ध पुतळा.

न्यूयॉर्कला गेलेला बहुतेक प्रत्येक मराठी माणूस या बागेत पाय ठेवून आलेला असतो, कारण पुतळ्याकडे जाणारी बोट इथूनच सुटते. पण गंमत अशी की, तो बागेत जात नाही. तो बागेतून जातो. त्याची नजर पुतळ्यावर, हात तिकिटांच्या पाकिटावर आणि जीव रांगेत.

मी २०१९ च्या सप्टेंबरात तिथे गेलो. मुलगी एडिसनला राहते. तिथून आगगाडीने पेन स्टेशन आणि पुढे एक नंबरच्या भुयारी गाडीने साऊथ फेरी, असा एकट्याने प्रवास केला. बागेच्या मध्याशी तांबूस दगडाची एक बसकी, वाटोळी वास्तू आहे. छप्पर नाही, शिखर नाही, कमानीचा थाट नाही. लांबून पाहिली तर मोठ्या विहिरीचा कठडा वाटावा. तिच्या आतच बोटीची तिकिटे मिळतात. तिच्या दाराशी रांगेत एक पुणेकर कुटुंब उभे होते. आठ-नऊ वर्षांचा मुलगा त्या भिंतीवर हात फिरवीत होता.

‘बाबा, हा किल्ला आहे का?’ त्याने विचारले.

‘किल्ला कसला रे! तिकिटांचं ऑफिस आहे ते. त्यात काय बघायचंय? इकडे ये, रांग सोडू नकोस.’

मला राहवले नाही. मी म्हटले, ‘अहो, त्याचं बरोबर आहे. किल्लाच आहे हा. दोनशे वर्षांपूर्वीचा.’

त्या गृहस्थांनी सौजन्याने मान हलवली. ‘असेल, काका. पण आपल्या रायगडापुढे हे काय? शिवाय दोनची बोट गाठायचीय.’

वहिनी हसल्या, रांग पुढे सरकली. मुलगा मात्र भिंतीवरचा हात काढायला तयार नव्हता. जे त्या रांगेत सांगायला सवड मिळाली नाही, ते आता सांगतो.

हा किल्ला १८०८ ते १८११ या काळात बांधला. तेव्हा तो जमिनीवर नव्हता. किनाऱ्यापासून थोडा दूर, खडकांवर, पाण्यात उभा होता आणि एका पुलाने शहराशी जोडलेला होता. इंग्रजांचे आरमार चाल करून येईल या भीतीने २८ तोफांची सोय त्यात केली होती. १८१२ साली युद्ध झालेही. पण या किल्ल्यावरून शत्रूवर एक गोळा सोडण्याची वेळ आली नाही. पुढे त्याला कॅसल क्लिंटन हे नाव पडले. लष्कराने तो सोडला, शहराच्या ताब्यात आला, आणि १८२४ साली तिथे कॅसल गार्डन नावाची करमणुकीची जागा सुरू झाली. पुढे त्यावर छप्पर चढले. १८५० च्या सप्टेंबरात जेनी लिंड ही स्वीडनची गायिका तिथे गायली, तेव्हा तिला ऐकायला हजारोंनी लोक लोटले होते. जिथे तोफा डागायच्या तिथे गाणे झाले!

पण माझ्या मते या वास्तूची खरी थोरवी तिच्या तिसऱ्या जन्मात आहे. १ ऑगस्ट १८५५ पासून १८९० च्या एप्रिलपर्यंत कॅसल गार्डन हे अमेरिकेत येणाऱ्या गोरगरिबांचे उतरण्याचे ठाणे होते. त्या ३५ वर्षांत सुमारे ८० लाख माणसे या वाटोळ्या भिंतीच्या आतून अमेरिकेत शिरली. आयरिश, जर्मन, स्वीडिश, इटालियन, रशियातले ज्यू. अंगावर एक जोड, हातात एक बोचके, बोली परकी. एलिस बेटाचे नाव सर्वांना ठाऊक असते. ते ठाणे उघडले १८९२ साली, म्हणजे या ठाण्याचे दार बंद झाल्यानंतर.

हे ठाणे काढण्याचे कारण मोठे बोलके आहे. त्याआधी बोटीतून उतरणाऱ्या नवख्या माणसाला धक्क्यावरच भामटे गाठत. त्याचीच भाषा बोलत, गावकी सांगत, सामान उचलत आणि त्याला आपल्या खानावळीत नेऊन पुरता नागवीत. आगगाडीची खोटी तिकिटेसुद्धा गळ्यात मारीत. म्हणून न्यूयॉर्क राज्याने एक कुंपणबंद जागा निवडली. तिथे नाव नोंदवायचे, नाणी खऱ्या भावाने बदलून घ्यायची, आगगाडीचे खरे तिकीट काढायचे, आंघोळ करायची, घरी पत्र लिहवून घ्यायचे आणि जमले तर कामही तिथेच मिळवायचे. गर्दी आणि गोंगाट मात्र असा, की ज्यू लोकांच्या यिडिश बोलीत ‘केसलगार्टन’ हा गोंधळासाठी शब्दच होऊन बसला. आजही या बागेच्या वाटेवर भामट्यांचा सुळसुळाट आहे, ही गोष्ट सांगायलाच हवी. शेजारच्या धक्क्यावरून स्टॅटन बेटाला जाणारी बोट १९९७ पासून सर्वांना फुकट आहे. तिचीही ‘तिकिटे’ प्रवाशांना विकणारे महाभाग तिथे पकडले गेले आहेत. दीडशेहून अधिक वर्षांत नवखा बदलला, भामटा तोच राहिला!

आता त्या गृहस्थांच्या आक्षेपांकडे वळतो, कारण ते एकट्याचे नाहीत.

पहिला आक्षेप रायगडाचा. सिंधुदुर्गाचा पाया १६६४ साली घातला गेला, त्याच्यापुढे १८११ ची ही गढी म्हणजे कालचे पोर, हे अगदी कबूल. पण आजीपेक्षा पणजी वडील म्हणून आजीला कुणी अडगळीत टाकत नाही. जुनेपणाची शर्यत लावायची तर इजिप्तपुढे आपणही मान खाली घालू. रायगडाचा अभिमान असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दगडाचा मान अधिक कळावा. जो आपल्या गडाचे नाव घेऊन दुसऱ्याच्या गडाकडे पाठ फिरवतो, त्याने आपला तरी गड कितपत पाहिला असेल याची मला शंका येते.

दुसरा आक्षेप, या किल्ल्याने काही पराक्रम केला नाही. एकही गोळा न सोडता ८० लाख माणसांना आसरा देणारा किल्ला जगात दुसरा असेल, तर मला दाखवावा. लढायांच्या सनावळ्या पाठ करून आपली नजर अशी बनली आहे, की रक्त सांडल्याखेरीज इतिहास घडला असे आपल्याला वाटतच नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि वेळेचा. तो मात्र खरा आहे. डॉलर मोजून खर्च करावे लागतात, जावयाची रजा तीन दिवसांची असते, आणि गुडघे आपले असतात. पण बागेत जायला एक पैसा पडत नाही, आणि रांगेत तासभर उभे राहायचेच आहे. तेव्हा मान वळवायला कोणते तिकीट काढावे लागते?

आता या वाक्याच्या धाकट्या भावंडाची हकीकत ऐका. ठाणे बंद झाल्यावर १८९६ साली याच वाटोळ्या इमारतीत मत्स्यालय उघडले. प्रवेश फुकट होता. गरिबांची पोरे समुद्रातले मासे पाहायला इथे येत. १९३९ साली रॉबर्ट मोझेस या कर्तबगार अधिकाऱ्याने ठरवले, की बॅटरीपासून ब्रुकलीनपर्यंत एक प्रचंड पूल बांधायचा. पुलाचे खांब आणि उंच रस्ता या बागेवरून जाणार होता. मोझेस कधी एकही निवडणूक जिंकला नाही. पण शहरातले पूल, रस्ते आणि बागा त्याच्या मुठीत होत्या. हो, बागासुद्धा! १९३४ पासून तोच शहराच्या उद्यानांचा प्रमुख होता. त्याने न्यूयॉर्कच्या मुलांसाठी शेकडो क्रीडांगणे उभारली, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. म्हणूनच ही हकीकत अधिक बोचते. बाग मोडायला कुणी बागेचा वैरी आला नव्हता.

नागरिकांनी विरोध केला. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलेनॉर यांनी आपल्या वृत्तपत्रीय सदरातून या पुलाविषयी नापसंती व्यक्त केली. अखेर युद्धखात्याने तो पूल नामंजूर केला. युद्धात तो पडला तर आरमाराच्या गोदीची वाट अडेल, असे कारण दिले गेले. पुलाऐवजी बोगदा करायचे ठरले आणि तो १९५० साली वाहतुकीला खुलाही झाला. बोगदा जमिनीखालून जातो. किल्ल्याने आता कुणाचे काय वाकडे केले होते? पण मोझेसने १९४१ साली मत्स्यालय बंद केले. बोगद्याच्या कामाने इमारतीचा पाया धोक्यात येईल, असे सांगितले आणि किल्ला पाडायचा घाट घातला. मासे दुसरीकडे हलवले, छप्पर गेले, वरचे बांधकाम उतरवले गेले. उरली ती तळाची जाड, वाटोळी, दगडी भिंत. त्या पुण्याच्या मुलाचा हात होता तीच.

ती भिंत कुणी वाचवली? जॉर्ज मॅकअ‍ॅनेनी आणि अल्बर्ट बार्ड यांच्यासारख्या नागरिकांनी. दोघांनीही तेव्हा सत्तरी ओलांडली होती. या मंडळींनी अर्ज केले, सभा घेतल्या, कोर्टाची पायरी चढले. युद्ध चालू असताना, जगात शहरे बेचिराख होत असताना, ही म्हातारी माणसे एका बिनछपराच्या भिंतीसाठी भांडत होती. लोक त्यांना हसले नसतील असे मला वाटत नाही. पण १९४६ च्या ऑगस्टात अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून तिला राष्ट्रीय स्मारक ठरवले. खुद्द बाग बोगद्याच्या कामासाठी बंद होती ती १९५२ साली उघडली, आणि किल्ला दुरुस्त होऊन लोकांसाठी खुला झाला १९७५ साली. भांडण सुरू केलेल्यांपैकी फार थोड्यांना तो दिवस दिसला असेल. मॅकअ‍ॅनेनी १९५३ सालीच गेले, बार्ड १९६३ साली.

अशा किरकिऱ्या म्हाताऱ्यांविषयी मला आदर आहे. आपल्याकडे निवृत्त माणसाने नातवंडे सांभाळावीत, सकाळी फिरायला जावे आणि पेन्शनीच्या कागदावर सही करावी, अशी अपेक्षा असते. एखाद्या जुन्या भिंतीसाठी त्याने अर्ज लिहायला घेतला, की घरचेच म्हणतात, ‘बाबांना काही उद्योग नाही.’ उद्योग नाही म्हणूनच तर हे काम त्यांच्याकडून होते! ज्यांना उद्योग असतो, त्यांना पूल बांधायचे असतात.

आता मराठी वाचकाला खास सांगण्यासारखी एक गोष्ट. ४ जून १८८३ रोजी आनंदीबाई जोशी न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. वय अवघे १८. नवरा बरोबर नाही, नातलग कुणी नाही, डोक्यावरून पदर, आणि मनात डॉक्टर व्हायचे. कॅसल गार्डनच्या फाटकातून त्या गेल्या, असे मी म्हणणार नाही. ते फाटक मुख्यतः सर्वांत स्वस्त वर्गाच्या उतारूंसाठी होते. पण बंदरात शिरणाऱ्या बोटीवरून मॅनहॅटनचे हे टोक दिसते, आणि ज्या पुतळ्यासाठी आपण रांग लावतो तो तेव्हा तिथे नव्हताच. त्याचे अनावरण झाले २८ ऑक्टोबर १८८६ रोजी. म्हणजे आमच्या आनंदीबाईंच्या नजरेला नवी भूमी लागली, तेव्हा मशाल उंच धरलेली ती देवी समोर नव्हती. माणसांनी गजबजलेली ही वाटोळी गढी मात्र होती. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, मायदेशी परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी पुन्हा सातासमुद्रापलीकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. पकीप्सी हडसनच्या काठी आहे. त्या गावावरून वाहत आलेले पाणी बॅटरीपाशीच समुद्राला मिळते. आता सांगा, मराठी माणसाला त्या कठड्याशी उभे राहून पाहण्यासारखे काही आहे की नाही?

आणि आनंदीबाई दूरच्या वाटत असतील, तर आपलीच मुले घ्या. आज दर चार घरांतून एक मुलगा नाहीतर मुलगी परदेशी आहे असे वाटावे, इतकी ही गोष्ट आपल्या अंगणात आली आहे. किल्ल्यासमोर स्थलांतरितांचे एक शिल्प आहे. कुणी गुडघे टेकलेला, कुणी आभाळाकडे हात पसरलेला. ते पाहताना मला विमानतळाच्या काचेपलीकडे सामानाची गाडी ढकलीत निघालेली माझी मुलगी आठवली. आपल्या मुलांना व्हिसाचे कागद लागतात, त्यांना बोचके लागत होते. मागे राहिलेल्या आयांचे रडणे तेच असणार.

काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी आपली गत आहे, म्हणून थोडे घरचेही बोलतो. मुंबईला कोट होता. १८६० नंतरच्या काही वर्षांत त्याच्या भिंती पाडल्या. शहर वाढत होते, भिंती अडत होत्या. कोट गेला, आणि ‘कोटात जातो’ एवढी बोली आपल्या आजोबांच्या तोंडी उरली. मग आपले कॅसल गार्डन कोणते? मी म्हणतो, भाऊचा धक्का. कोकणातून गिरणीत कामाला येणारी माणसे बोटीने मुंबईत उतरत. डोक्यावर वळकटी, हातात पत्र्याची ट्रंक, कनवटीला गाववाल्याच्या चाळीचा पत्ता. अर्धी मुंबई अशीच बंदरातून आली. १७ जुलै १९४७ रोजी या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. नातवंडांना घेऊन तिथे किती आजोबा गेले असतील? गेले असतील ते मासळी आणायला किंवा मांडव्याची बोट पकडायला. धक्का पाहायला कोण जाणार? त्यात पाहण्यासारखे काय आहे!

न्यूयॉर्ककरांनी बॅटरीवरून काही शिकले, असे म्हणायला जागा आहे. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळात समुद्र या बागेत शिरला. तिथल्या भरतीमापकावर पाणी जवळजवळ १४ फुटांपर्यंत चढलेले नोंदले गेले. बाग सोडून देता आली असती. त्यांनी ती सावरली. २०१५ साली तिथे मुलांसाठी माशांच्या आकाराच्या आसनांचा एक रंगीत फिरता पाळणा सुरू केला, तो गेलेल्या मत्स्यालयाची आठवण म्हणून. २०२४ साली समुद्राकडचा धक्का उंच करण्याचे काम हाती घेतले. जी जागा पाहण्यासारखी आहे असे लोकांना पटलेले असते, तिच्यासाठी पैसा सापडतो.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात मुलाकडे जाल, तर पुतळा जरूर पाहा. माझे पुतळ्याशी वैर नाही. पण एक बोट चुकवा. बागेतल्या बाकावर बसा. सुनेने डब्यात दिलेली थालीपिठे सोडा. किल्ल्याच्या आत जाऊन, तिकिटाच्या खिडकीकडे पाठ करून, भिंतीला हात लावा. पाण्याच्या कडेला १९९१ सालचे दर्यावर्दींचे स्मारक शोधा. बुडत्या नावेवरचा एक खलाशी खाली वाकून पाण्यातल्या सोबत्याला हात देतो आहे. भरतीला तो पाण्यातला माणूस बुडतो, ओहोटीला पुन्हा वर येतो. हे सारे नातवाला दाखवा आणि त्याचे प्रश्न ऐकून घ्या.

आणि ज्यांना अमेरिकेला जायचे नाही, त्यांनी भाऊबीज आटोपली की मुलांना भाऊच्या धक्क्यावर घेऊन जावे. वास येईल, कपडे मळतील. पणजोबा कोणत्या गावाहून आले, कोणत्या चाळीत उतरले, पहिला पगार काय मिळाला, ते तिथे उभे राहून सांगावे. घरात ठाऊक असलेली वडील माणसे अजून आहेत, तोवर विचारून घ्यावे.